न्हाणीघरातला नळ

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

सुखरूप पोचले, पण न्हाणीघरातला नळ डोक्यातून जात नाही. आई, तू सहज म्हणालीस, "हात लावला की मुंग्या येतात, जुनं घर, चालायचंच." आई, हे चालायचं नाही. तू मोदक वळत होतीस तेव्हा मी नळाला टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला, म्हणजे नळात करंट आहे.

मग हिरव्या वायरीचा माग काढला. ती अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवणारी. मागच्या पडवीत लोखंडी पाइपाला गुंडाळली आहे. पूर्वी हा पाइप जमिनीत उतरत होता. विहिरीची लाइन बदलली तेव्हा खालून पीव्हीसी जोडला आणि वर फक्त हातभर गंजकं लोखंड राहिलं. म्हणजे इतकी वर्षं आपल्या घराला अर्थिंगच नाही. त्याहून वाईट, फ्रीज, पंप आणि गिझर या तिघांचे पत्रे त्या वायरीने एकमेकांना जोडलेले. फ्रीजमध्ये करंटची गळती झाली तरी झटका नळाला बसेल. गिझरचं बटण बंद करून भागत नाही, हिरवी वायर बटणातून जातच नाही. म्हणून निघताना पिन काढून ठेवलीय. कृपा करून लावू नका. तोवर आंघोळीचं पाणी चुलीवर तापवा.

बाबा, किटकॅटमधली, म्हणजे फ्यूजच्या चिनीमातीच्या खाचेतली, ती जाड तार मी बघितली. फ्यूज सारखा उडायचा म्हणून तुम्ही घातलीत, पण तो उगाच उडत नव्हता. लाकडी पट्टीतल्या त्या वायरी दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या. 2000 वॅटचा गिझर एकटाच जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. मेन बंद करून माळ्यावरची एक वायर चिमटीत धरली, तर आतल्या रबराचा भुगा हातात आला. तार आधी वितळायला हवी. आता वायर आधी पेटेल.

माणसाला वाचवायचं काम मात्र फ्यूजचं नाही, एमसीबीचंही (फ्यूजऐवजी बसवतात तो आपोआप पडणारा स्विच) नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला करंट पूर्ण परत येत नसेल, तर 30 मिलिअँपिअरच्या फरकाला तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबायचं, ते काम मी आईकडे देणार आहे.

खर्चाचं मनात आणू नका, तो माझा. परवाना असलेल्या वायरमनशी बोलले आहे, शनिवारी सकाळी येईल. अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला घेऊ. आपला जांभा चैत्र-वैशाखात कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या जमिनीत करंट उतरत नाही.

मी शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने निघतेय. बाबा, अर्थिंगच्या खड्ड्यात घालायला लाकडी कोळसा आणि जाडं मीठ तेवढं आणून ठेवा. आणि त्या नळाला हात लावू नका, दोघांनीही.

तुमची,
ताई