आवाज वाढला म्हणजे पिकअप वाढला असं नसतं

संपादक साहेब, स.न.वि.वि.

जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली घातल्याचे फोटो पेपरात अधूनमधून येतात. कारवाई बरोबरच आहे, पण महिन्याभरात तीच पोरं परत कुठल्यातरी गॅरेजात नवा फटाका सायलेन्सर, म्हणजे आवाज न दाबणारा मोकळा सायलेन्सर, लावायला उभी असतात, कारण त्यांना मनापासून वाटतं की आवाज वाढला की गाडी पळते. साताऱ्यात बावीस वर्षं टू-व्हीलरचं काम करतोय म्हणून हे लिहितोय.

दिवाळीनंतर एक पोरगा बुलेट घेऊन आला, जुनी कार्बोरेटरवाली ३५०. म्हणाला, काका, सायलेन्सर बदलल्यापासून आवाज एक नंबर येतोय पण घाटात गाडी दमती. प्लग खोलला तर टोक पांढरंफटक, खरं तर नीट जळणाऱ्या गाडीचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो, आणि बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, हेडजवळ (इंजिनाच्या डोक्याजवळ) तापून निळा पडलेला. मी म्हटलं चल, आणि त्याच्या घरून ओरिजिनल सायलेन्सर आणायला लावून यवतेश्वर घाटात एकाच वळणापासून तिसऱ्या गिअरात गाडी दोनदा चढवली, एकदा त्याच्या सायलेन्सरवर आणि मग ओरिजिनल बसवून. ओरिजिनलवर गाडीनं खालूनच ओढ घेतली, गिअर पाडावा लागला नाही. पोरगं मागं बसलेलं, म्हणालं, काका, आवाज नाही म्हणून हळू चाललोय असं वाटत होतं पण वर तर लवकर आलो की. तिथंच सगळं आलं बघा, कान फसवतात.

होतं काय, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर सोडणारी झडप, उघडला की दाबाची लाट पाइपातून बाहेर पळते आणि टोकाला पोचली की उलटी होऊन ओढ घेत मागं येते, आणि ती आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर उघडे असताना पोचली तर जळका धूर ओढून काढते आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत घेते. पण ही वेळ ठराविक आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) जुळते. कंपनी बेंड पाइपची लांबी, सायलेन्सरमधले पडदे, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) हे सगळं एकमेकांशी जुळवून देते, आपण त्यातलं एकच उपटून मोकळा पाइप लावला की वेळ हुकते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडून हेड तापतं. ॲक्सिलेटर सोडल्यावर जे फट फट वाजतं ना, ते पातळ मिश्रण इंजिनात पेटत नाही आणि न जळालेलं पेट्रोल गरम पाइपात जाऊन पेटतं, ती ताकद नव्हे.

आता हेही खरं की वरच्या आरपीएमला मोकळ्या सायलेन्सरचा थोडा फायदा होतो, पण तो दहा हजारापर्यंत फिरणाऱ्या इंजिनला, तेही जेट किंवा ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता, बदलला तर. त्या बुलेटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिलिमीटर, पूर्ण पॉवर ५,२५० आरपीएमला आणि टॉर्क (ओढ) ४,००० ला, तिला वरचं काय मिळणार? आयडलला (उभी चालू असताना) तिच्यात सेकंदाला आठेक स्फोट होतात म्हणून प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, दहा हजाराला फिरणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनात तेच त्र्याऐंशी होतात आणि ठोक्याचा सूर होतो. तो ठोका मलाही आवडतो, पण तो इंजिनातूनच येतो, त्यासाठी सायलेन्सर पोकळ करायची गरज नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना तर एक्झॉस्टमध्ये सेन्सर आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, सेन्सर मध्यम स्पीडला मिश्रण सांभाळून घेतो पण फुल ॲक्सिलेटरला इंजिन साठवलेल्या मॅपवरच चालतं, आणि कन्व्हर्टर कापून काढणारे तर धूर सरळ लोकांच्या नाकात सोडतात.

आवाजाचं म्हणाल तर १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते. हॉस्पिटलच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, तरी रात्री साडेअकराला सिव्हिलसमोरून असली गाडी जाते. माझी आई तिथं दहा दिवस ॲडमिट होती, त्या आवाजानं ती दचकून उठायची आणि परत डोळा लागायला तासभर जायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि वर तीन महिने लायसन्स बाद, हे किती पोरांना माहिती आहे?

माझी विनंती एवढीच की पोरांना पकडता तसं विकणाऱ्या दुकानांनाही पकडा, आणि आरटीओनं कॉलेज, आयटीआयमध्ये एक दिवस जाऊन दोन्ही सायलेन्सर कापून आतलं पोरांना दाखवावं. कापायला जुने सायलेन्सर मी देतो. आणि ज्याला ओरिजिनल परत बसवायचाय त्यानं यावं, मी त्याची मजुरी घेत नाही.

आपला वाचक,
एक टू-व्हीलर मेकॅनिक, सातारा