फासा तिरका पडला, आता काय?

महोदय,

सुट्टीत घरोघरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून साहसकथा खेळण्याच्या खेळाचे डाव रंगतात आणि निम्मी भांडणे फाशावरून होतात. सोलापुरी चादरीवर वीस बाजूंचा फासा टाकला की तो जाड घडीला टेकून तिरका राहतो. मग 'अठराच आहेत' म्हणून हुज्जत. चादर बाजूला करून उभ्या काठाच्या ताटात पातळ फेल्ट अंथरा. तिरका फासा पुन्हा टाकायचा, हे डावाआधीच ठरवा. आकडा दिसल्यावर ठरवायला गेलात तर वाद मिटतच नाही.

दुसरे भांडण विसाचे. या खेळाच्या २०१४च्या नियमांत फाशावर वीस पडले की हल्ला हमखास लागतो. कुलूप उघडणे, भिंत चढणे यांना ती सवलत नाही. गाठायचे लक्ष्य ३० आणि फाशात मिळवायचे तुमच्या पात्राचे ५ असतील, तर वीस पडूनही बेरीज २५च होते. कुलूप उघडत नाही. खरे तर अशा वेळी डाव चालवणाऱ्या सूत्रधाराने फासा टाकायलाच सांगू नये. उगाच आशा लावून मग नाही म्हणणे खेळाडूंवर अन्याय आहे.

'ॲडव्हान्टेज'मध्ये, म्हणजे परिस्थिती अनुकूल असल्याच्या सवलतीत, दोन फासे टाकून मोठा आकडा घेतात. विसाची शक्यता ५ टक्क्यांवरून ९.७५ टक्क्यांवर जाते. त्यामुळे तो मागणाऱ्याने ठोस कारण द्यावे. नुसते 'मी जोर लावतो' चालणार नाही.

– एक खेळगडी, सोलापूर