आबांच्या हलगीवरून भांडू नका

प्रिय आई, अण्णा आन घरातले सगळे,

बंड्यानं फोनवर सगळं सांगितलं. पोळ्याच्या दिवशी सगळी पंगत बसलेली असताना आबा म्हणले, माझ्या माघारी रडारड करायची नाही, हलगी लावायची, नगरपालिकेचा स्वर्गरथ बोलवायचा नाही, दुकानातल्या सायकलीला गाडा जोडून त्याच्यावर न्यायचं, आन तेराव्याला कर्ज काढून गावजेवण घालायचं नाही. त्यावर तात्या भरल्या ताटावरून उठले. आन आजी म्हणली म्हणं, तुम्हीच आधी जाणार हे कुणी ठरवलं? हे ऐकून मी इथं ट्रेनमध्ये एकटीच फिसफिस हसायले, समोरची बाई जागा बदलून पलीकडं जाऊन बसली.

तात्यांचं म्हणणं असं की सायकलवर मयत नेली तर लोक थुंकतील तोंडावर, लोक म्हणतील पोरांना बापाला खांदा द्यायला जमलं नाही. म्हणून हे पत्र लिहायलेय. बंड्या, पुढचं आबांना मोठ्यानं वाचून दाखव, तात्या आतल्या खोलीत असतील तर आणखी मोठ्यानं.

आबा, तुम्ही म्हणता तसली सायकल खरंच असते ओ, मी बघितली. इथं डेन्मार्कात, कोपनहेगनमध्ये माझ्या घरमालकीणबाईचा भाऊ वारला, म्हातारा माणूस, जन्मभर सायकलवर फिरलेला, कार कधी घेतलीच नाही, तर त्याची पेटी सायकलवरून नेली. तुम्ही पहिलं विचारणार की बॅलन्स कसा राहतो, तर ती तीन चाकी असते, पुढं दोन चाकं, त्यांच्या मधल्या लांब फळीवर पेटी, आन मागं सीटवर पॅडल मारणारा. थांबली तरी पडत नाही. पेटी आन माणूस मिळून शंभर किलोच्या पुढंच जात असेल, त्यामुळं जोरात पळवायची सोयच नाही, आन वळणावर तर अगदी हळू घ्यावी लागते, कारण तीन चाकीचं आतलं चाक उचलतं हे तुम्हाला मी काय सांगणार, मालाचा रिक्षा तुम्हीच दुरुस्त करत होता. इथं तसल्या सामानाच्या सायकली घरोघरी आहेत, आया पुढच्या पेटीत लेकरं बसवून शाळेत सोडतात, त्यामुळं सायकलवरून माणूस शेवटचा नेला तर कुणाला फार नवल वाटत नाही. गाव सपाट, चढ नाही, आन सायकलला रस्त्याच्या कडेनं वेगळी लेन. आपल्या स्टँडपासून स्मशानभूमीपर्यंतच्या रस्त्यावर ही सायकल चालवायची तर आधी ते खड्डे बुजवायला लागतील, तो विषय वेगळा.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्याची चाल. गाडीत घातलं की काच बंद, भुर्रकन गेली, मागं पाचपन्नास मोटरसायकली हॉर्न वाजवत. इथं सायकल माणसाच्या पायाच्या चालीनं निघाली, घरचे बाजूनं चालायले, नातवंडं आपापल्या सायकली हातात धरून, आन मागून येणारे सायकलवाले कुणी सांगितलं नसताना मागंच राहिले, कुणी ओव्हरटेक केलं नाही. आपल्याकडं पूर्वी चालतच न्यायचे की, चौकात विसावा, खांदा बदलायचा, गल्लीतलं प्रत्येक माणूस चार पावलं तरी खांदा द्यायचं. तात्या, स्वर्गरथ आला तेव्हाच खांदा गेला, सायकलनं नाही गेला. आबांचं डोकं उलट जुन्या चालीकडंच चाललंय असं मला वाटतं.

आन खांद्याचं म्हणाल तर इथंही सहा जण पेटी उचलतात, घरचेच असतात बहुतेक. पाद्री बारक्या फावड्यानं तीनदा माती टाकतो. घरावर झेंडा असला तर त्या दिवशी अर्ध्यावर असतो, आन माती झाली की पूर्ण वर चढवतात. नंतर सगळे बसून कॉफी, केक, उघडे सँडविच खातात आन मेलेल्या माणसाचे किस्से सांगून हसतात. घरमालकीणबाईंनी सांगितलं की भाऊ लहानपणी तिची सायकल चोरून विकून आइस्क्रीम खाऊन आला होता. मी मधेच हसू का नको ह्या विचारात बसले होते, तर तीच म्हणली खा गं केक.

कबरस्तानाचंही तसंच. नोरेब्रो भागात असिस्टन्स म्हणून जुनं आहे, १७६० सालचं. परीकथावाले अँडरसन तिथंच, तत्त्वज्ञ किर्केगार्ड पण तिथंच. उन्हाळ्यात लोक तिथं चादर अंथरून ऊन खात पडतात, लेकराबाळांना घेऊन येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजीची आठवण आली, तिन्हीसांजेला स्मशानाच्या बाजूला बघू पण देत नव्हती. 

ही सायकल फक्त इथलीच नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात युजीन गाव आहे तिथं एका अंत्यविधीवाल्यानं अशी केली, पॅरिसमध्ये अलीकडं एका बाईनं बॅटरीची मोटर लावलेली काढली. इंग्लंडात तर एक पाद्रीच आहे, त्यानं २००२ पासून मोटरसायकलला साइडकारच्या जागी पेटीची काचेची गाडी जोडून मयती न्यायचा धंदा चालू केला. बंड्याला बुलेट घ्यायचीय ना, हे अण्णांना सांगू नको.

आन घानामधलं तर ऐकाच. तिथं अक्रा शहराजवळ तेशी म्हणून मासेमारांचं गाव आहे, गा लोकांचं. तिथले सुतार पेटीच अशी करतात की माणसाचा धंदा दिसला पाहिजे. मासेवाल्याला माशाची, कोकोच्या शेतकऱ्याला कोकोच्या शेंगेची, पैसेवाल्याला मर्सिडीजची. सेथ काने क्वेई नावाच्या सुतारानं १९५१ मध्ये आपल्या आजीसाठी विमान केलं होतं, तिला विमानांचं भारी वेड होतं पण बसायला कधी मिळालंच नाही. आबा तिथं असते तर त्यांची पेटी हवा भरायच्या पंपाची झाली असती.

रोमानियात सपान्त्सा गावी निळ्या लाकडी क्रॉसचं स्मशान आहे, स्तान इओन पात्राश नावाच्या माणसानं १९३५ च्या सुमारास चालू केलं. प्रत्येक क्रॉसवर मेलेल्या माणसाचं रंगीत चित्र आन खाली चार ओळी, कोण दारू प्यायचा, कोण बायकांच्या मागं असायचा, सगळं उघडं. एकानं सासूबद्दल लिहून घेतलंय की ही अजून तीन दिवस जगली असती तर इथं मी झोपलो असतो. (आई, हे अण्णांकडं बघत वाचू नका.) पण त्याच स्मशानात तीन वर्षांच्या एका पोरीचा क्रॉस आहे, टॅक्सीखाली गेलेली, आन त्याच्यावर त्या टॅक्सीला तळतळून शाप दिलेत, सिबिऊहून येऊन तुला माझ्याच घराजवळ थांबायचं होतं का म्हणून. तिथं विनोद नाही.

हेच मला तात्यांना सांगायचंय. मी काही सगळ्यांच्याच मयतीत हलगी लावा म्हणत नाही. मागल्या साली आपल्या गल्लीतलं ते तरणंताठं पोरगं ॲक्सिडेंटमध्ये गेलं, तिथं कुणी हलगी काढली असती तर मीच आधी काठी घेऊन उठले असते. पण पणतू बघितलेला, शेतीचा वाद न ठेवता वाटण्या करून दिलेला, स्टँडसमोर तासावर सायकली भाड्यानं देऊन निम्म्या तालुक्याला सायकल शिकवलेला माणूस आपल्या तोंडानं सांगायलाय की मला वाजवत न्या, तर ते पोरकटपणा कसा? आन हे काय आपल्याकडं नवीन आहे का. वारकऱ्याच्या मयतीला टाळ मृदंग असतात. आपल्या गल्लीतल्या जंगम आजीला आठवा, विमानात म्हणजे सजवलेल्या डोलीत बसवून, कपाळाला विभूती लावून, गुलाल उधळत, हलगीवर नेलं, आन तसंच बसवून समाधी दिली, तेव्हा तात्याच म्हणले होते की काय सोनं झालं म्हातारीचं! मग दुसऱ्याच्या आईचं सोनं आन आपल्या बापाची लाज, हे गणित मला जमत नाही.

एक मात्र माझं म्हणणं आहे आबा, रागवू नका. हलगीवाल्यांना वाजवायलाच पाहिजे असं धरून बोलवू नका, विचारून बोलवा, पैसे आधी ठरवा आन जेवायला सगळ्यांबरोबर पंगतीत बसवा. पूर्वी मातंग वाड्यातल्या लोकांना हे तुमचं कामच म्हणून राबवलं, शेर दोन शेर धान्यावर, आन वाजवून झालं की लांब बसवलं. तुमची मयत हसत जायची असेल तर त्यांच्याही तोंडावर हसू पाहिजे. तेराव्याच्या वाचलेल्या पैशातून हे सहज होतंय.

गाड्याचं म्हणाल तर तुमचा तो मागं जोडायचा दोन चाकी गाडा उताराला सायकलला ढकलतो, त्याला ब्रेक लावल्याशिवाय काही खरं नाही, आन नदीकडं जाताना उतारच आहे. एक्सल पण बदलून घ्या. घाई नाही, दहा वर्षं काढा आरामात. मी बंड्याच्या मोबाइलवर फोटो टाकलेत, झूम करून चेन बघा.

तात्या, रविवारी तुमच्या दुपारी तीनला फोन करते. जेवून घ्या आधी, उपाशी पोटी तुमच्याशी बोलायचं मला धाडस नाही.

आन आबांचं ठरवायला सगळं घर पेटलंय, आजीला काय पाहिजे ते कुणी विचारलंय का? विचारून मला कळवा.

तुमची,
मनू

ता.क. बंड्या, हे फॅमिली ग्रुपवर टाकू नको. नांदेडच्या आत्याला कळलं तर ती तात्यांच्या बाजूनं उभी राहील आन मग रविवारी मला दोन फोन करायला लागतील.