दुरुस्तीची दुकानं बघायला तिकीट लावा, पण आधी ती चालू तर राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थ जवळ आला म्हटल्यावर नाशकात जो तो काहीतरी बांधायच्या गोष्टी करतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर रोज एक आयडिया येते, आणि त्यात सगळ्यात जास्त अंगठे मिळालेली आयडिया म्हणजे 'जुनं नाशिक' थीमचं फॅमिली पार्क, शहराबाहेर मोकळी जागा बघा, खोटा वाडा उभा करा, त्याच्या ओसरीत एक कल्हईवाला, एक सायकलवाला, एक रेडिओवाला असे फायबरचे पुतळे बसवा, मुलं फोटो काढतील, बाहेर मिसळ आणि पार्किंग. मिसळीला माझी काहीच हरकत नाही. पुतळ्यांना आहे.

कारण ज्यांचे पुतळे करायचं चाललंय ती माणसं अजून दुकान उघडून बसलीत हो. मेनरोडच्या मागचे बोळ, दहीपूल, भद्रकाली, दूध बाजार, पंचवटी कारंजा, एकदा गाडी लांब लावून पायी फिरा म्हणजे दिसतील, एवढ्याशा टपरीत डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळवाला, मिक्सरचे कार्बन आणि कपलर बदलून देणारा, शिलाई मशीनवाला, पंख्याचं वाईंडिंग करणारा, किल्लीवाला, पाऊस जवळ आला की छत्रीच्या काड्या घालून देणारा. कमी झालेत, खूपच कमी झालेत, आणि बऱ्याच ठिकाणी पोरगं अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत लागलंय त्यामुळे दुकान बापाबरोबरच बंद होणार हेही खरं. पण म्हणून माणूस समोर बसलेला असताना त्याचा पुतळा करून दहा किलोमीटर लांब ठेवायचा, हे काय डोकं आहे?

कोल्हापूरजवळ कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम बऱ्याच जणांनी बघितलं असेल, बारा बलुतेदार, शेतकरी, अख्खं गाव पुतळ्यांतून उभं केलंय. काम फार सुंदर आहे, मुलांना घेऊन जावंच. पण तिथे जी गावाची व्यवस्था दाखवलीय ती आता राहिलेलीच नाही, म्हणून पुतळे करावे लागले. आपल्या घड्याळवाल्याचं अजून तसं झालेलं नाही.

बाहेरच्या देशांत तर हे प्रकरण खूप जुनं आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन म्हणून उघड्यावरचं म्युझियम आहे, आर्तुर हाझेलियस नावाच्या माणसाने १८९१ साली सुरू केलं, देशभरातली जुनी घरं सुटी करून तिथे आणून परत उभी केली, आणि त्यातल्या कारागिरांच्या घरांत माणसं खरंच काम करत बसतात, काच फुंकतात, सगळं लोकांसमोर. इंग्लंडच्या उत्तरेला डरहम भागात बीमिश आहे, तिथे जुनी ट्राम, खाणीचं गाव, १९०० च्या सुमाराचा बाजार, त्या बाजारात मोटार आणि सायकलचं गॅरेज, आणि आता १९५० च्या दशकातली गल्लीसुद्धा केलीय. ते सुरू करणारे फ्रँक ॲटकिन्सन यांनी म्हणे लोकांना सांगूनच ठेवलेलं की तुम्ही जे द्याल ते आम्ही घेऊ, निवडानिवड करणार नाही, मग काय, लोकांच्या घरातलं काय काय तिथे येऊन पडलं. मला त्या सगळ्यात हेच सगळ्यात जास्त आवडलं. आपल्याकडे माळ्यावर काय कमी पडलंय का? मर्फीचा रेडिओ, आजोबांचं एचएमटी, पितळी पंपाचा स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, गोदरेजचा टाइपरायटर. हे विकत आणायला टेंडर काढायची गरजच नाही. आणि मुख्य म्हणजे त्यातलं निम्मं तरी परत चालू होऊ शकतं, ते चालू करणारे दहीपुलावर बसलेत.

तर माझं म्हणणं सरळ आहे. आकर्षण करायचंच असेल तर चालू दुकानांचं करा, आणि आत यायचं तिकीट म्हणजे घरातली एक बंद पडलेली वस्तू. मुलाने ती स्वतः हातात घेऊन यायची, काउंटरवर द्यायची, समोर स्टुलावर बसायचं, उघडताना बघायची, जमेल तिथे एखादा स्क्रू स्वतः पिळायचा, मजुरी स्वतःच्या हाताने द्यायची आणि वस्तू घेऊन जायची. मुंबईत घाटकोपरला किडझानिया आहे, तिथे मुलं डॉक्टर, पायलट, फायरमन होतात, मजा येते त्यांना, पण ते सगळं लुटूपुटूचं. इथे पंखा खरंच फिरला पाहिजे नाहीतर पोरगं रडणार, आणि ते रडणंही चालेल मला.

यावर कुणीतरी म्हणेलच की रिपेअर कॅफे करा ना. माहितीय, ॲमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ मध्ये पहिला भरवला आणि आता जगभर भरतात, हौशी लोक फुकट दुरुस्ती करून देतात, चहा पाजतात. छान आहे. पण तिकडे दुरुस्तीची मजुरी बरेचदा नव्या वस्तूपेक्षा महाग पडते म्हणून हौशी लोकांना बसावं लागतं. आपल्याकडे त्याच कामावर माणूस घर चालवतोय, त्याच्याच शहरात फुकट दुरुस्तीचा मेळा भरवला तर त्याच्या पोटावर पाय नाही का? तेव्हा फुकट अजिबात नको. उलट बघायला येणाऱ्यांनी मजुरीपेक्षा जास्त द्यावं, आणि ते जास्तीचे पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात जावेत, कुठल्या इव्हेंटवाल्याकडे नाही.

आता मुलं बघत बसतील का हा प्रश्न. ज्याला वाटतं नाही बसणार त्याने कल्हई बघितलेलीच नाही. भांडं आधी घासून लख्ख करतात, मग भट्टीवर सांडशीने फिरवत फिरवत तापवतात, पूर्वी भाता असायचा आता छोटा ब्लोअर लावतात, नीट तापलं की नवसागराची पूड टाकायची, भस्सकन पांढरा धूर निघतो, त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवायची, टेकवली की ती लोण्यासारखी वितळते कारण कथील २३२ अंशालाच वितळतं आणि तांबं वितळायला हजाराच्या वर जावं लागतं, आणि मग कापसाच्या बोळ्याने गरागरा पुसत तो पातळ थर सगळीकडे पसरवायचा, की शेवटी पाण्यात चर्र. नवसागर कशाला, तर तापलेल्या धातूवर जो ऑक्साइडचा काळपट थर धरतो तो काढून टाकतो, नाहीतर कथील चिकटतच नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर पितळेच्या पातेल्यात ताक नाहीतर चिंचेची आमटी कळकू नये म्हणून. दहा मिनिटांत मेटलर्जी, केमिस्ट्री आणि स्वयंपाक, आणि आपण मुलांना यासाठी क्लास लावतो! तो धूर मात्र घशाला लागतो, त्यामुळे हे उघड्यावरच करायचं आणि मुलांना वारा ज्या बाजूने येतो तिकडे बसवायचं, कल्हईवाल्याला हे सांगायची गरज नाही, आयोजकांना आहे.

सायकलचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका आरपार सायकलने पार करायची ती 'रॅम' शर्यत पूर्ण केल्यापासून तर इथल्या सायकलवेडाला आणखीच जोर आलाय, रविवारी सकाळी गंगापूर रोडला बघा हेल्मेटवाल्यांची रांग. पण हवा भरलेली ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते शोधलेलं पोर आता विरळा. छर्रे मोजून ग्रीसमध्ये बसवणं, स्पोक आवळून चाकाचा आऊट काढणं, बघायला काय भारी असतं ते. घड्याळही चालेल, पण एका वेळी दोनच मुलं, आणि त्यांनी शिंकायचं नाही. मोबाइल दुरुस्ती मात्र नको, त्यात बघण्यासारखं काही नसतं आणि मालकाचा जीव वर-खाली.

जागा म्हणाल तर जिथे दुकानं आहेत तिथेच. आपल्या रंगपंचमीच्या रहाडी बघा ना, पेशवेकाळापासूनचे हौद, वर्षभर रस्त्याखाली झाकलेले, त्या एका दिवशी उघडतात, पूजा होते आणि लोक धपाधप उड्या मारतात. कुणी त्यांची बाहेर नेऊन प्रतिकृती केली नाही, तिकीट लावलं नाही, म्हणूनच त्या वापरात आहेत. तसंच तांबट आळीत, भांडी बाजारात, महिन्यातला एक रविवार गाड्या बंद करा, बाकडी टाका, कोण काय दुरुस्त करतो त्याची पाटी लावा, झालं. पावसाळ्याचे महिने सोडून, कारण गोदेला पूर आला की सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरतं, तेव्हा तिथले लोक सामान वर चढवतील की तुमची मुलं सांभाळतील.

आणि खरा प्रश्न स्पेअर पार्टचा आहे, तो पार्कवाल्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये कधीच नसतो. मिक्सरचं भांडं मिळतं, पण मोटर सीलबंद. घरची एक वस्तू मध्यंतरी फक्त एका प्लास्टिकच्या गिअरसाठी भंगारात गेली, कंपनी म्हणाली तो सुटा येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, पोर्टलही काढलं, फ्रान्सने तर २०२१ मध्येच फोन, टीव्ही, वॉशिंग मशीनवर दुरुस्तीला किती सोपं याचे दहापैकी मार्क दाखवणं सक्तीचं केलं. आपल्या गल्लीतल्या माणसाला सुटा पार्ट आणि सर्किटचा नकाशा मिळाला तर तो अजून वीस वर्षं बसेल. नाहीतर तुमच्या थीम पार्कला खरंच पुतळेच लागतील.

सुरुवात उन्हाळ्याच्या सुट्टीत करता येईल, पाच-सहा दुकानं तयार झाली तरी पुष्कळ. कुणाचं नाव पाटीवर आधी यावं यावर भांडणं होतील, होऊ द्या. एकच गोष्ट आधी करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल, या बाजारात बायकांसाठी एक स्वच्छ, पाणी असलेलं, कुलूप न लावलेलं संडास बांधा. मुलांना घेऊन फॅमिली येणार म्हणता, तर फॅमिलीतली आई तीन तास काय करणार आहे?

कळावे,
आपली एक वाचक, इंदिरानगर, नाशिक