उघडी फाइल पुसली जात नाही, म्हणून कागदपत्रे दुकानातच राहतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की झेरॉक्सच्या दुकानांत प्रिंटसाठी रांगा लागतात. आधार, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचे पहिले पान, सगळे व्हॉट्सअॅपवरून दुकानाच्या संगणकावर उतरते, छापले जाते आणि तिथेच राहते. दरवेळी हा दुकानदाराचा हलगर्जीपणा नसतो. तो डिलीट दाबतो, ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असे सांगून विंडोज नकार देते, आणि मागे माणसे ताटकळलेली असतात. हा नकार दूर करणे दोन मिनिटांचे काम आहे, ते सर्वांना ठाऊक असावे म्हणून हे पत्र.

फाइल उघडताना प्रत्येक प्रोग्रॅम विंडोजला सांगतो की, मी ती वापरत असताना इतरांना काय करू द्यायचे. पुसण्याची मुभा त्याने दिली नसेल तर विंडोज कोणालाही ती पुसू देत नाही. नाव बदलून पाहण्यात अर्थ नाही, कारण नाव बदलायलाही पुसण्याचीच परवानगी लागते.

आधी अॅक्रोबॅट किंवा वर्ड पूर्ण बंद करावे. तरीही नकार आला तर फोल्डरच्या खिडकीत उजवीकडे दिसणारे पूर्वदृश्य ऑल्ट आणि पी दाबून बंद करावे. पुष्कळदा फाइल तिथेच अडकलेली असते. एवढ्यावर भागले नाही तर अंदाज बांधत बसू नये. स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधून उघडावा, सीपीयू या भागात ‘असोसिएटेड हँडल्स’च्या चौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाकावा. फाइल कोणत्या प्रोग्रॅमने धरली आहे त्याचे नाव समोर येते. तो टास्क मॅनेजरमधून बंद करता येतो, पण त्याआधी पाहावे: वर्डच्या सगळ्या खिडक्या सहसा एकाच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे दुसऱ्या ग्राहकाचा सेव्ह न केलेला अर्जही त्यासोबत जाईल.

शेवटचा उपाय रीस्टार्ट. शटडाउन नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि सेवा जशाच्या तशा डिस्कवर साठवल्या जातात व पुन्हा तिथूनच सुरू होतात.

प्रिंटरकडे कोणाचेच लक्ष जात नाही. छापायला पाठवलेल्या कागदाची प्रत विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरात, ‘प्रिंटर्स’ या उपफोल्डरात तयार होते. काम अडकले तर ती तिथेच राहते, आणि छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या ‘प्रिंट स्पूलर’ या विंडोजच्या सेवेने धरून ठेवल्यामुळे पुसली जात नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवावा, ते उपफोल्डर रिकामे करावे (फोल्डर स्वतः पुसू नये), मग सेवा पुन्हा सुरू करावी. रांगेतली सगळी कामे यात जातात, म्हणून हे रांग संपल्यावर करावे. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड भागात ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’वर खूण असेल तर ती काढावी, ती असेपर्यंत छापून झालेले कागदही साठत राहतात.

झिपमधून थेट उघडलेल्या कागदाची प्रत टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात उतरते. आधी झिपचा प्रोग्रॅम बंद केला आणि कागद उघडाच राहिला, तर ती प्रत मागे राहू शकते. आधी कागद बंद करावा, नंतर झिप. आणि पुसताना शिफ्टसह डिलीट दाबावे, नाहीतर फाइल रीसायकल बिनमध्ये जाऊन बसते.

विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असलेल्या संगणकावर चित्र उलटे आहे. तिथे उघडी फाइल विनातक्रार पुसली जाते, पण जाते फक्त नाव. शेवटचा प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत मजकूर आणि डिस्कवरची जागा कायम असते. म्हणून तिथेही कागद आधी बंद करावा.

ग्राहकांनी आधारची मास्क्ड प्रत न्यावी. तिच्यात पहिले 8 अंक झाकलेले असतात.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात काम संपल्यावर माहिती पुसण्याचे तत्त्व आहे. ते दुकानापर्यंत पोहोचायचे तर आपले सरकार सेवा केंद्रांच्या चालकांना ही कृती प्रत्यक्ष करून दाखवावी लागेल. जिल्हा प्रशासनाने पुढच्या प्रवेशहंगामापूर्वी तशी अर्ध्या दिवसाची शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी घ्यावीत, ही विनंती.

— एक संगणक तंत्रज्ञ, सातारा