यंदा उचल घेऊ नका

सातपूर, नाशिक
रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

फोनवर माझ्या कॉलेजचा विषय काढला की आई रडते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहितोय. छकुले, मोठ्याने वाच. मधलं काही गाळू नकोस.

कॉलेज सोडलं. शिक्षण सोडलेलं नाही. अंबडच्या कंपनीत 7 ते 3 ची पाळी लागली आणि कॉलेजचे तासही त्याच वेळेला. हजेरी 75 टक्के लागते, माझी निम्मीही भरेना. म्हणून मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं. गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला लागतं, तेच. 1989 पासूनचं आहे, पदवी एमपीएससीलाही चालते. पहिलं वर्ष पुन्हा करावं लागणार, हे लपवत नाही. बाबा, तुम्हाला हेच लागणार, ठाऊक आहे. पण स्कॉलरशिपचे पैसे येतात मागाहून आणि फी मागतात आधी. गेल्या साली आईची पोत त्यातच गेली. मार्चपर्यंत ती मी सोडवून आणतो.

यंदा द्राक्षमळेवाल्याकडून मजुरीची उचल घेऊ नका. घेतली असेल तर परत करा. उचल घेतली की पाठ धरली तरी छाटणीला नाही म्हणता येत नाही, तुम्हीच सांगायचात.

माझं बरं चाललंय. खोलीत आम्ही चौघं. मेसची भाजी पाणचट असते, पण पोटभर मिळते. चौघांपैकी एकाकडे कुकर आहे, रविवारी आम्ही खिचडी टाकतो. नखांतलं मशीनचं तेल काही निघत नाही. परवा हात धुताना, आई, तुझी बोटं आठवली, डिपिंगच्या, घड औषधात बुडवायच्या दिवसांतली, जीएच्या त्या पाण्याने सुरकुतलेली. मांडवाच्या अँगलला साडीची झोळी बांधून मला निजवायचीस, आणि जाग आली की वर नुसते घडच घड दिसायचे. अजून कधी कधी तसंच वाटतं उठल्यावर, मग भोंगा होतो.

छकुलीला बारावीनंतर इंजिनिअरिंग नाहीतर फार्मसीलाच घालायचं. सरकारी यादीतून नंबर लागला आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं, तर 2024 पासून मुलींना शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला रांगा लागतात. हॉस्टेलचं मी बघतो.

आई, गुडघा दाखवायला नाशिकला ये. एसटीत तुला अर्धं तिकीट आहे, पैशाचं कारण सांगू नकोस. सीबीएस स्टँडवर उतरून तिथेच थांब, मी साडेतीनपर्यंत पोचतो. रिक्षावाल्याचं ऐकून कुठे जाऊ नकोस.

बाबा, छाटणीनंतर काडीला डोळे फुटायची पेस्ट लावताना हातमोजे घालायचे. गरम होतं, कातर धरता येत नाही, हे मला सांगू नका, पेस्टला कातर लागतच नाही. आणि त्या दिवशी दारू घोटभरसुद्धा घ्यायची नाही, अंगावर येते. रागावू नका, काळजी वाटते म्हणून लिहिलं.

छकुले, हातमोजे घातले की नाही, ते रोज संध्याकाळी मिस कॉल देऊन कळवायचं. एक मिस कॉल म्हणजे घातले. दोन आले तर मी रजा टाकून येतो.

तुमचा,
बाळू