दर लावताना गिऱ्हाईक निवड

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र आणि सोबतचं दरपत्रक, दोन्ही वाचलं. छोट्या मार्केटर मंडळींसाठी स्वतःची ऑटोरिस्पॉन्डर सेवा, म्हणजे ठरलेली ईमेलं आपोआप पाठवणारी सेवा, काढायची कल्पना मला पटली. दरपत्रक मात्र अजिबात पटलं नाही. स्पष्टच लिहितो, राग मानू नकोस.

सॉफ्टवेअर तू करशीलच. नाव नोंदवलं की पहिलं ईमेल लगेच, दुसरं दोन दिवसांनी, माणसाने खरेदी केली की मालिका बंद. यात तुला अवघड काही नाही. पाठवणंही स्वस्त आहे. अ‍ॅमेझॉनच्या एसईएस या ईमेल पाठवण्याच्या सेवेवर हजार ईमेलना दहा सेंट पडतात. हा आकडा बघूनच तू फुकटचा प्लॅन ठेवायला निघालास, हो ना?

आता असं समज, एक गृहस्थ त्या फुकटच्या प्लॅनवर येतो आणि हजारो पत्त्यांची फाईल चढवतो. विचारलंस तर म्हणेल, ‘सगळे माझेच ग्राहक आहेत.’ रात्रीत ईमेलं सुटतात. निम्मे पत्ते मेलेले, ती ईमेलं बाऊन्स होऊन परत. उरलेल्यांपैकी बरेच जण ‘स्पॅम’चं बटण दाबतात. गृहस्थ दुसऱ्या दिवशी गायब, पण तुझ्या आयपीची, म्हणजे ज्या सर्व्हरच्या पत्त्यावरून ईमेलं सुटतात त्याची, पत गेलेली. त्याच आयपीवरून पाठवणाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकांची ईमेलंही मग स्पॅममध्ये जाऊन पडतात.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू जास्तच कडक झालेत. जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर ईमेलं पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (ईमेल खरंच त्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या नोंदी) आणि एका क्लिकवर नाव काढण्याची सोय लागतेच. तक्रारींचं (‘स्पॅम’ दाबणाऱ्यांचं) प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं, म्हणजे हजारात तिघांनी तक्रार केली की संपलं. लोक पैसे देणार आहेत ते ईमेल इनबॉक्समध्ये पोचण्याचे, आणि तेच तू फुकट आलेल्या माणसाच्या हाती देतोयस.

फुकटच्या प्लॅनसाठी मेलचिंप या ईमेल सेवेचा दाखला दिलास, पण ती कंपनी 2001 ची आणि त्यांचा फुकटचा प्लॅन 2009 चा. आधी आठ वर्षं पैसे देणारी गिऱ्हाइकं सांभाळली त्यांनी. तू चौदा दिवसांची चाचणी दे, शंभर पत्त्यांपुरती, आणि तीही कार्ड नोंदवल्यावरच. ‘एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा’ हे तर डोक्यातूनच काढून टाक. तुझा खर्च दरमहा येणार आहे.

दर ईमेलांच्या संख्येवर लावू नकोस. नवा माणूस नोंदला की त्याला पहिल्या पंधरवड्यात सात ईमेलं जाणार, पुढे आठवड्याला एक. महिन्याचं बिल किती येईल हे गिऱ्हाइकाला कळणारच नाही, आणि ते बिचकून पाठवणंच कमी करेल. चालू पत्त्यांवर दर लाव: 500, 2500, 10000 अशा पायऱ्या, आणि महिन्याला यादीच्या दहापट ईमेलांची मर्यादा. नाव काढलेले आणि बाऊन्स झालेले पत्ते मोजू नकोस, नाहीतर दर महिन्याला भांडण. शिवाय न उघडणाऱ्यांचेही पैसे पडतात म्हटल्यावर लोक आपणहून यादी साफ करतात. ते तुझ्याच पथ्यावर पडतं.

तळच्या पायरीचा दर ठरवताना सर्व्हरचं बिल बाजूला ठेव, स्वतःचे तास मोज. छोट्या गिऱ्हाइकाला पाठवणारा म्हणून स्वतःचा जीमेलचा पत्ता हवा असतो. तो का चालत नाही, डोमेन का घ्यावं लागतं, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे वरच्या त्या नोंदी, कुठे टाकायचं, हे प्रत्येकाला समजावण्यात तुझी दुपार जाणार. त्या दुपारचे पैसे पहिल्या दोन महिन्यांत वसूल होत नसतील तर दर कमी आहे, एवढं सोपं गणित. वार्षिक सवलत द्यायची तर गिऱ्हाईक येऊन तीन महिने झाल्यावर दे. वर्षाचे पैसे घेतलेल्या माणसाला स्पॅमसाठी काढताना जीभ अडखळते, परताव्याचा वाद होतो तो वेगळाच.

सुधारलेलं दरपत्रक पाठव. सोबत वापराच्या अटीही पाठव, विशेषतः खातं कधी बंद करणार ते कलम. आणि तक्रारींचा मेलबॉक्स तू झोपलेला असताना कोण बघणार, हेही कळव.

तुझाच,
जुना मित्र